फोन घेतलाय, दुकानात ठेवलाय

सोमवार, ३ जून २०२४

भर हिवाळा. सकाळी टाकीच्या नळावर बर्फ. कोंबड्या खुराड्याबाहेर यायला तयार नव्हत्या. मीही नव्हते, पण मला कोण विचारतो.

नाश्ता करत होते तेवढ्यात अ‍ॅडलेडहून रोचा फोन. माझ्याकडे आहे तो नवऱ्याचा, क्लेमचा, बटणांचा फोन. तो गेल्यापासून मीच वापरते. रो माझी मुलगी, पण 'कशी आहेस' वगैरे विचारत नाही, थेट मुद्द्यावर येते. आई, ऑक्टोबर संपता संपता जुनं नेटवर्क बंद होतंय, मग तुझ्या त्या डबड्याचा उपयोग दाराला अडण म्हणून. म्हटलं, दाराला माझ्याकडे वीट आहे. हसली नाही. म्हणाली, घरची लाइन वादळात पडली ती पडलीच. सगळ्यात जवळचा शेजारी लॉरी, तोही चार किलोमीटरवर. बाबा फाटकापाशी पडले तेव्हा तू निदान घरात होतीस. उद्या तू पडलीस तर घरात कोण आहे? कोंबड्या? नवा फोन घे, नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे ये.

तिने मागच्या अंगणात माझ्यासाठी खोली बांधून ठेवली आहे. चांगली आहे, स्वच्छ आहे. खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत दिसते.

ठरलं. फोन घ्यायचा. रोख घ्यायचा, सगळे पैसे एकदम मोजून. हप्त्याचं नाव काढायचं नाही. या घरात हप्त्यावर घेतलेली वस्तू एकच, इंग्रजी ज्ञानकोश. लग्नानंतर दारावर आलेल्या एका माणसाने क्लेमच्या गळ्यात मारला. दर हप्त्याला एक खंड. मग दुष्काळ पडला, हप्ते थांबले आणि खंडही 'एम' अक्षरावर थांबले. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पुढचं सगळं त्या कपाटातून शिकले. त्यामुळे मी 'एम'पर्यंत शिकलेली बाई आहे. मधमाश्या, आइसलँड, कुष्ठरोग, चुंबक, काहीही विचारा. टेलिफोन पुढच्या खंडांत असावा.

बिस्किटांचा रिकामा डबा पुसून कपाटावर ठेवला. वर चिठ्ठी: फोन. हात लावू नये.

बुधवार, १२ जून

गावात गेले. डब्यासाठी बँकेतून पैसे काढले. मग ऊना चालवते त्या कापडाच्या दुकानात जाऊन क्लेमच्या ब्लँकेटचे दोन डॉलर भरले.

विजेचं ब्लँकेट, डबल बेडचं, दोन बाजूंना दोन बटणं. आमचं लग्नभर एकाच गोष्टीवरून भांडण. मला थंडी वाजायची आणि त्याला उकडायचं. ते भांडण मिटवायला त्याने मला न सांगता हे ऊनाकडे ले-बायवर ठेवलं आणि पुढच्या रविवारी फाटकापाशी गेला. मला ऊनाने सांगितलं तेव्हा कळलं. याला दोन हिवाळे झाले. उरलेले पैसे मी भरते आहे. सावकाश. घाई कशाची आहे?

ऊना म्हणाली, अगं ग्लेनिस, थोडेच राहिलेत, ते मी सोडले. उचल आणि घेऊन जा. म्हटलं, ले-बाय म्हणजे ले-बाय. सगळे पैसे फिटेपर्यंत वस्तू दुकानातच राहायची. त्यात माणसाची अब्रू असते. ऊना म्हणाली, तुझी अब्रू माझी अर्धी फळी अडवून बसली आहे.

ऊनाला धंदा कळतो, तत्त्व कळत नाही.

थंडी फार. गरम पाण्याच्या दोन पिशव्या घेऊन झोपते.

सोमवार, १ जुलै

लॉरी अंड्यांसाठी आला. तो आमच्या भागातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन आहे, त्यामुळे कुठल्याही विषयावर आदेश दिल्यासारखा बोलतो. म्हणाला, बाईसाहेब, दोनशे डॉलरचा स्वस्त फोन घेऊ नका, तुमच्या टेकडीमागे तो मरेल. सिग्नल पकडणारा पाहिजे असेल तर नऊशेचा. म्हटलं, नऊशे तर नऊशे. तो डब्याकडे बघून हसला. त्याने चिठ्ठी वाचली होती.

हिशेब सोपा आहे. खर्च आवरला तर सप्टेंबरपर्यंत डबा भरतो.

मंगळवार, ९ जुलै

गावात फिरतं वाचनालय आलं होतं. जुनी पुस्तकं काढून टाकत होते, एक डॉलरला एक. डब्यातून अगदी थोडे घेतले. त्यात एक पुस्तक घरखर्च कसा आवरावा यावर आहे, म्हणजे ही गुंतवणूक झाली. बाकीची बावीस इतर विषयांवर आहेत.

शुक्रवार, २६ जुलै

अग्निशमन दलाच्या मदतीसाठी पबमध्ये सोडत, बक्षीस म्हणजे कच्च्या मांसाचं भरलेलं ताट. डब्यातून पैसे घेऊन तिकिटं घेतली. विचार सरळ होता. ताट लागलं तर दोन महिने मटण विकत घ्यावं लागणार नाही, ते पैसे डब्यात. जितकी जास्त तिकिटं तितकी जास्त बचत.

ताट लॉरीला लागलं. त्याने दोन सॉसेज दिले. त्यांची किंमत डब्यात टाकायला हवी होती, पण रोख हातात आलीच नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

ऊनाकडे. या वेळी पन्नास सेंट भरले. महागाई वाढली आहे. ऊनाने नाणं उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, ग्लेनिस, पुढच्या खेपेला बटण आणशील का? म्हटलं, पावतीवर एक टॉवेलही चढव, निळा. ती म्हणाली, अगं, गेल्या महिन्यात एक चढवलास, त्याच्या आधीच्या महिन्यात एक. ते सगळे ब्लँकेटच्याच पावतीवर आहेत, सगळं फिटल्याशिवाय तुला एकही मिळणार नाही. घरी काय वापरतेस?

घरी एक आहे. दोरीवर वाळतो. माणसाला एका वेळी एकच लागतो.

टॉवेल कधी ना कधी लागतातच. स्वस्तात मिळताहेत तेव्हा बाजूला ठेवलेले बरे. यात ब्लँकेटचा काही संबंध नाही.

गुरुवार, २९ ऑगस्ट

रोचा फोन. फोन घेतलास का? म्हटलं, पैशांची व्यवस्था चालू आहे. म्हणाली, आई, मी घेऊन देते. म्हटलं, तुझ्या पैशांचा फोन वाजला की मला तुझ्या पैशांचा आवाज येईल. म्हणाली, मग महिन्याच्या प्लॅनवर घे, सगळं जग घेतं. म्हटलं, सगळ्या जगाकडे ज्ञानकोश अर्धा आहे का? तिला कळलं नाही. मग म्हणाली, खोलीला पिवळा रंग देतेय, तुला आवडतो ना? मला पिवळा आवडत नाही. क्लेमला आवडायचा.

डबा उघडून मोजला. मोजायला फार वेळ लागला नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मोठा दिवस. सविस्तर लिहिते.

पिकअप काढली आणि तासभर चालवत मोठ्या गावी गेले, फोनच्या दुकानात. काउंटरवर मॅरिविक नावाची बाई, पन्नाशीची, मूळची फिलिपिन्सची, नवरा तिथल्याच कारखान्यात. मला मॅम म्हणते. आधी खुर्ची दिली, मग फोन दाखवला. हे मला आवडलं.

तिला सांगितलं, समजावून सांग, मी 'एम'पर्यंत शिकलेली आहे. तिने न हसता कागद घेतला. मॅम, रोख घेतला तर नऊशे. फोन तुमचा, मग कुठलंही स्वस्तातलं कार्ड घाला, आमच्याशी संबंध संपला. प्लॅनवर घेतला तर तेच नऊशे चोवीस महिन्यांत थोडे थोडे, एक सेंटही वर नाही. पण तोवर आमचंच महिन्याचं पॅक घ्यायचं, ते जरा महाग, आणि मधेच सोडलं तर फोनचे उरलेले पैसे एकदम द्यायचे.

म्हटलं, म्हणजे व्याज नाही, दावं आहे. ती म्हणाली, मॅम, हे मी आमच्या मॅनेजरला सांगते.

आमच्या ज्ञानकोशात व्याजावर चार पानं आहेत. बिनव्याजी उधार देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. तरी तिथेच बसून विचार केला. डब्यात नऊशे नाहीत. आणि हप्त्याचा दोष हप्त्यात नसतोच. दोष आहे तो फिटायच्या आधी वस्तू घरी नेण्यात. वापरून जुनी झालेल्या वस्तूचे पैसे भरत बसायचे, ही कसली रीत? ले-बायने हा प्रश्न आमच्या आजीच्या काळातच सोडवला आहे.

सही केली. पहिला हप्ता भरला. मॅरिविकने खोका पिशवीत घालून पुढे केला. म्हटलं, राहू दे, फिटला की नेईन.

मॅम?

म्हटलं, चोवीस महिन्यांनी येते. तोवर ठेव इथेच, वर माझं नाव लिही.

मॅम, लोक आजच नेतात. म्हटलं, लोक काय वाटेल ते करतात. मॅम, दुकानात ठेवायची पद्धत नाही. म्हटलं, मग सुरू करा. मॅम, प्लीज, हा फोन आहे, लोणचं नाही, ठेवून मुरत नाही. माझ्या मागे रांग लागली होती. एक माणूस म्हणाला, घेत नसेल तर मला द्या. मॅरिविकने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. शेवटी तिने खोका स्वतःच्या खणात ठेवला, जेवणाच्या डब्याशेजारी. वर लिहिलं: ग्लेनिस नॉस्की, येतील.

परत येताना गात होते. घरात नवी वस्तू नाही, डोक्यावर उधारी नाही आणि फोन आहे. तिन्ही गोष्टी एकदम साधणारी बाई या जिल्ह्यात दुसरी नसेल.

शनिवार, २१ सप्टेंबर

रोला सांगितलं, फोन घेतला. यात खोटं काहीच नाही. तिला इतका आनंद झाला की रडली. म्हणाली, मला दर रात्री स्वप्न पडतं, तू फाटकापाशी आहेस. म्हटलं, मी फाटकापाशी जातच नाही, पाठच्या वाटेने जाते. मग तिने विचारलं, कुठला रंग घेतलास? म्हटलं, खोक्यात आहे. म्हणाली, खोक्यातून काढ की आई, आणि एक फोटो पाठव. म्हटलं, अजून शिकतेय.

हेही खरंच. माणूस शिकतच असतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

मॅरिविकचा फोन, क्लेमच्या फोनवर. मॅम, तुमचा फोन न्या ना. आठवड्यातली ही दुसरी वेळ. कुठलाही दुकानदार माल खपवायला एवढा अधीर झालेला मी पाहिला नाही. फोनमध्ये काहीतरी खोट असणार. नेला नाही तेच बरं.

म्हणाली, माझी आईसुद्धा अशीच आहे. म्हटलं, मग ती शहाणी आहे. म्हणाली, ती मनिलाला एकटी असते मॅम, मी रोज रात्री फोन करते आणि ती उचलेपर्यंत श्वास घेत नाही.

मी विषय बदलला. माणसं धंद्यात भावना आणतात.

ऊनाकडे वीस सेंट. एक टॉवेल चढवला, पांढरा.

रविवार, १३ ऑक्टोबर

लॉरी म्हणाला, नवा फोन दाखवा की बाईसाहेब. म्हटलं, सुरक्षित ठिकाणी आहे. म्हणाला, किती सुरक्षित? म्हटलं, कुलूप आहे. त्याने मान डोलावली. म्हणाला, क्लेमसुद्धा नवा कुर्‍हाडीचा दांडा वापरायचा नाही, मोडेल म्हणून.

क्लेमचा तो दांडा अजून शेडमध्ये आहे. नवा कोरा. याला म्हणतात वस्तू सांभाळणं. माझा फोन चोवीस महिन्यांनी असाच निघेल. तोवर बाकीच्यांच्या काचा फुटलेल्या असतील.

सोमवार, २८ ऑक्टोबर

सकाळी क्लेमच्या फोनवर अक्षरं आली: सेवा नाही. दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं. कोंबड्यांना दाणे घातले. मग फोन पुसून क्लेमच्या बाजूच्या खणात ठेवला, त्याच्या चष्म्याशेजारी. शांत वाटलं. इतकं शांत की ज्ञानकोशाचा 'के' खंड घेऊन दुपारी टबमध्ये जाऊन बसले. वसंत ऋतू चांगला तापायला लागला आहे, कोमट पाणी पुरतं.

कांगारूवर होते. तेवढ्यात दूर कुठेतरी सायरन. म्हटलं, कुणाचं तरी गवत पेटलं. सायरन जवळ आला. फार जवळ आला. अंगणात थांबला. बुटांचे आवाज. लॉरी ओरडला, ग्लेनिस! बोल! मग काहीतरी फाटलं, ते जाळीचं दार होतं. ते कधीच बंद नसतं, नुसतं ढकलायचं असतं. पण कॅप्टनला फोडायचं शिक्षण दिलेलं आहे.

स्नानगृहाच्या दारात लॉरी, मागे दलाचे आणखी दोघे. लॉरीने भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच म्हणाला, जिवंत आहेस? म्हटलं, दिसत नाही का? म्हणाला, मी बघत नाहीये. म्हटलं, मग टॉवेल दे. म्हणाला, कुठे आहे? म्हटलं, दोरीवर. म्हणाला, दुसरा? म्हटलं, दुसरे ऊनाकडे. मग लॉरीने आपला आगीत घालायचा कोट काढून मागे न बघता पुढे केला.

तो जड असतो. आत धुराचा वास येतो.

लॉरीला रोने पाठवलं होतं. ती सकाळपासून फोन लावत होती. नव्या फोनबद्दल माझं अभिनंदन करायला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

रो आली. सरळ अ‍ॅडलेडहून, न थांबता. आत येऊन पर्सही खाली ठेवली नाही. फोन कुठे आहे? म्हटलं, दुकानात. कुठल्या दुकानात? म्हटलं, जिथे घेतला त्या. ले-बायवर आहे, काउंटरवरच्या बाईच्या खणात, तिच्या जेवणाच्या डब्याशेजारी.

ती पायरीवर बसली. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. मग बघितलं तर रडत होती. आई, तू भाडं दिल्यासारखे पैसे भरतेस, आणि फोन कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याशेजारी? म्हटलं, तिने नीट ठेवला आहे. म्हणाली, बाबा गेले तेव्हा तू मला कळवायला चालत लॉरीकडे गेलीस, लाइन बंद होती आणि बाबांचा फोन त्यांच्या खिशात होता, तो तुला काढवला नाही म्हणून. मला तासाभराने कळलं. मी तो तास विसरलेले नाही. तू विसरलीस?

मी चहा ठेवला.

तिने निकाल दिला. नाताळपर्यंत पिवळी खोली.

बुधवार, ३० ऑक्टोबर

सकाळी रो तोंड धुवायला गेली, टॉवेल मिळेना, म्हणून गावात ऊनाकडे घ्यायला गेली. जाऊ नको म्हटलं होतं.

रिकाम्या हाताने परत आली. बराच वेळ स्वयंपाकघरात उभी. मग म्हणाली, ऊनाने मला एकही विकला नाही. म्हणाली, तुझ्या आईचेच अकरा पडून आहेत, ते न्यायचे तर आधी तिनेच पैसे फेडून पावती बंद करायची. मी पावती पाहिली आई. वर बाबांचं अक्षर आहे.

म्हटलं, हो.

किती राहिलेत?

म्हटलं, थोडेच.

आई, किती?

म्हटलं, ब्लँकेटचं म्हणशील तर तीस सेंट. बाकी टॉवेलांचे.

ती माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघींनी थंड चहा प्यायला. मग तिने दुसरा निकाल दिला. फोन घरी आणायचा आणि वापरायचा. ब्लँकेट घरी आणायचं. ते दोन्ही जमलं तर नाताळचं पुढे बघू. पण मी फोन केला आणि तू एकदाही उचलला नाहीस, तर आई, मी ट्रक घेऊन येईन.

माझ्या अटी मान्य झाल्या असं म्हणायला हरकत नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

रोबरोबर फोनच्या दुकानात. मॅरिविकने खणातून खोका काढला आणि तो माझ्याऐवजी रोच्या हातात दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, जणू शाळेपासूनच्या मैत्रिणी. फोन काळा आहे. खोट काही दिसत नाही.

हप्ते चालू राहतील. वस्तू घरी, पैसे बाहेर. उलटी गंगा, पण मी ती एकदाच वाहू देते आहे, मुलीसाठी.

परत येताना एकटीच ऊनाकडे गेले. सगळे पैसे भरले. ते तीस सेंटही. खरं सांगायचं तर ऊनाला फळीवर जागा हवी होती, म्हणून. ऊनाने पावतीवर शिक्का मारला आणि नेहमीसारखी फाडली नाही. घडी करून ब्लँकेटच्या खोक्यात ठेवली.

टॉवेल घडी घालून ठेवायला जागा नाही. अर्धे खुर्चीवर आहेत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

रो गेली. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करते. मी उचलते. फोनला दिवसभर पाजत राहावं लागतं, वासरापेक्षा जास्त. म्हणून बिछान्याशेजारच्या सॉकेटला लावून ठेवते, म्हणजे चुकायला जागा नाही.

ब्लँकेटचा खोका पलंगाखाली. उन्हाळा लागला, आता कोण उघडतो? पुढच्या जूनमध्ये.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

उघडला. वस्तू चालते की नाही हे वॉरंटीच्या आत बघायला हवं. पलंगावर अंथरलं. दोन बटणं, एक माझ्या उशीपाशी, एक त्याच्या. प्रत्येकाला तीन आकडे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

बाहेर एकोणचाळीस अंश. दुपारी जेवून जरा आडवी झाले. त्याआधी ब्लँकेटची परीक्षा घ्यायची होती. बिछान्याशेजारी सॉकेट एकच. फोनची वायर काढली, ब्लँकेटची लावली. म्हटलं, पाच मिनिटं. डोळा लागला. फोन रात्री नीट भरला नव्हता बहुतेक. 'बॅटरी' आमच्या दुसऱ्या खंडात आहे, पण तिथे हे लिहिलेलं नाही.

सायरनने जाग आली.

लॉरी या वेळी नवं जाळीचं दार ढकलून आला. खोलीच्या दारात थांबला, डोळे मिटून. टॉवेल पाहिजे का? म्हटलं, कपड्यांत आहे, डोळे उघड. आणि टॉवेल आता आहेत.

त्याने डोळे उघडले. गाल पुसले. म्हणाला, ग्लेनिस, बाहेर एकोणचाळीस आहे. म्हटलं, माहीत आहे. म्हणाला, ते ब्लँकेट चालू आहे. म्हटलं, चालतं का बघत होते. तो जवळ आला, अग्निशमनवाला असल्यामुळे असेल, आणि हाताने चाचपून पाहिलं. एक बाजू गरम होती, एक गार. विचारलं, यातली तुझी बाजू कुठली?

म्हटलं, बंद आहे ती.

लॉरी बाहेर गेला. वाटलं, रोला कळवायला गेला. तर गाडीतून चार सॉकेटांची एक पट्टी घेऊन आला, भिंतीत लावली, तिच्यात ब्लँकेट लावलं आणि शेजारी फोन. फोन जागा झाला आणि लगेच वाजला.

रो. आवाज अगदी बारीक. आई, मी सांगितलं होतं, एकदाही नाही. म्हटलं, सॉकेट एकच होतं. तिने विचारलं, त्याला काय लावलं होतंस? म्हटलं, ब्लँकेट.

ती म्हणाली, एकवर ठेव हं. दोनवर बाबांना सोसणार नाही.

म्हटलं, एकवरच आहे.

ट्रकचं तिने काही म्हटलं नाही. उद्या सकाळी फोन करते म्हणाली.

लॉरी पट्टीचे पैसे घेईना. म्हटलं, असं चालणार नाही, दर शनिवारी सहा अंडी देईन, फिटेपर्यंत. तो दारातून म्हणाला, म्हणजे वस्तू आधी घरी आणि पैसे नंतर? बाईसाहेबांना चालेल?

म्हटलं, तू जाऊन तुझी आग विझव.